बिनफवारणीचा गुलाब

ज्या गावात मिठाच्या बरणीत मिठाऐवजी मिठाचं पाणी असतं, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर हिरवी बुरशी धरते आणि धुतलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही दमट तो दमटच राहतो, त्या गावात माणसानं गुलाब लावू नयेत. जास्वंद लावावी, कर्दळ लावावी, नाहीतर काहीच लावू नये आणि सुखानं पंख्याखाली बसावं. पण हे काकांना सांगणार कोण? सांगून पाहिलं होतं सगळ्यांनी. पालथ्या घड्यावर पाणी.

काका म्हणजे बाजारातले चष्मेवाले. दुकानात बसलेले काका पाहिले तर कुणालाही वाटावं, काय शांत माणूस आहे. गिऱ्हाईक समोरच्या पाटीवरची अक्षरं चाचपडत वाचत असतं आणि काका एकामागून एक भिंगं बदलत विचारत असतात, "आता बरं दिसतंय की मघाशी?" गिऱ्हाईक म्हणतं, मघाशी. काका मघाचं भिंग लावतात. मग ते म्हणतं, नाही नाही, आताचंच बरं होतं. काकांच्या कपाळाला आठी नाही. चष्मा हातात देण्याआधी खिशातल्या मऊ फडक्यानं दोन्ही काचा अशा पुसतील, की काच बसवलीय की नुसतीच फ्रेम आहे असा प्रश्न पडावा. काचेवर कुणाचं बोट उमटलेलं त्यांना खपत नसे. हाच माणूस घराचं फाटक उघडून आत आला की वेगळा होई, आणि तो वेगळा माणूस काकूंच्या वाट्याला आला होता.

काकू कपडे शिवत. शाळेचे गणवेश, पडदे, कुणाची पँट आखूड करायची, कुणाचा फ्रॉक सैल. मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी, कारण उजेड तिथंच. खिडकीबाहेर अंगण आणि अंगणात काकांचे गुलाब. थंड हवेच्या गावाहून मागवलेले, प्रदर्शनात बक्षिसं मिळवणाऱ्या जातीचे, एका दांड्यावर एकच फूल आणि ते कोबीच्या गड्ड्याएवढं. अंगण ते केवढं, पण त्यात झाडं अशी कोंबलेली, की एकाला शिंक आली तर शेजारच्याला सर्दी व्हावी. वाऱ्याला आत शिरायला जागा नाही. मग व्हायचं तेच होई. पानावर काळा ठिपका, ठिपक्याभोवती पिवळं, आणि पान गळून खाली. मग काका पाठीवर पंप चढवत, नाकातोंडाला काकूंचा जुना स्कार्फ गुंडाळत, डोळ्यांवर दुकानातला मोठा गॉगल लावत आणि अंगणातून हाक येई, "अगं, खिडकी लाव."

काकू खिडकी लावत. बंद खोलीत पंखा तीच गरम हवा इकडची तिकडे करी. घामाचा थेंब गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर पडू नये म्हणून काकू एका हातानं कापड सरकवत आणि दुसऱ्या हातानं कपाळ पुसत. दर आठवड्याला हा सोहळा. पाऊस पडला की पुन्हा, कारण फवारलेलं पावसानं धुऊन नेलेलं असे.

"अहो, एवढं औषध माणसालासुद्धा कुणी देत नाही," काकू म्हणत.

"माणसाला ठिपके पडत नाहीत," काका म्हणत.



त्यांची एकुलती एक लेक याच घरात लहानाची मोठी झाली. तिला लहानपणी दम लागे. डॉक्टरांनी सांगितलं, धूळ, धूर, उग्र वास टाळा. काकांनी मनावर घेतलं. घरातला गालिचा काढला, कापसाच्या उशा बदलल्या, पाळलेलं मांजर शेजाऱ्यांना दिलं. पंप तेवढा राहिला. पंपाचा आणि दम्याचा काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यातच शिरलं नाही, कारण ते तर सगळं प्रमाणात मोजून मारत होते. पुढे लेकीचं लग्न झालं, ती बसनं दोनेक तासांवरच्या शहरात राहायला गेली आणि तिला मुलगी झाली. ती एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणू लागले. आईचे नाक-डोळे घेतले, तसा दमाही घेतला.

भिंगरी दोन वर्षांची असताना लेक तिला घेऊन सुट्टीला आली होती. नेमका फवारणीचा दिवस. काकांनी ती भल्या सकाळी, सगळे झोपेत असताना उरकून टाकली आणि आपण केवढी काळजी घेतली या समाधानात दुकानात गेले. उठल्यावर भिंगरी अंगणात धावली, एक फूल तोडलं आणि फुलाचं करायचं ते केलं, म्हणजे नाकाला लावलं. दुपारपर्यंत तिच्या बरगड्या आत ओढू लागल्या. दवाखाना, तोंडावर मास्क, लेकीचा पांढराफटक चेहरा. काका दुकान बंद करून पोचले तेव्हा पोरीच्या गालांवर रंग परत आला होता आणि ती झोपली होती.

"सर्दी झाली असेल," काका म्हणाले. "मी तर प्रमाणातच मारलं होतं."

 लेक बोलली ती निघताना. "बाबा, त्या औषधाच्या बाटल्या या घरात आहेत तोवर मी हिला इथं आणणार नाही." आवाज चढवला नाही, रडली नाही. चढवला असता तर काकांनीही चढवला असता, दोघं चार दिवस रुसले असते आणि मिटलं असतं. हे मिटण्यातलं नव्हतं आणि काकूंना ते तिथंच, फाटकाशी, कळलं.

त्यानंतर काकू अधूनमधून एकट्या जाऊन नातीला भेटून येत. काका जात नसत. "झाडं कोण बघणार?" हे त्यांचं उत्तर. भिंगरी बोबडी होती ती सरळ बोलायला लागली, वाद घालायला लागली, आणि आजोबांना ती ठाऊक होती फक्त फोनवरची. काकूंना कित्येकदा वाटे, कात्री घ्यावी आणि एकेक झाड बुडातून उडवावं. पण कात्री कापडाची होती, उगाच धार गेली असती.

मग एकदा फोनवर भिंगरीनं विचारलं, "आजोबा, तुमचं औषध अजून संपलं नाही का?" काकांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्या पोत्यात भरून ते गावाबाहेरच्या रोपवाल्याकडे गेले. रोपवाला त्यांच्याच वयाचा, त्यांच्यापेक्षा तिरसट. त्यानं बाटल्या ठेवून घेतल्या आणि म्हणाला, "गुलाब तुमचे चांगलेच आहेत हो. गाव चुकलंय." मग एक रोप दिलं. दुसऱ्याच्या खोडावर डोळा भरून कलम केलेलं नाही, स्वतःच्याच मुळावर वाढलेलं. पान जाड, चकचकीत. फुलं लहान, गुलाबी, झुबक्यानं येणारी. सकाळचं ऊन द्या, वारा खेळू द्या, पाणी बुडाशी घाला, पान ओलं करू नका, असं त्यानं बजावलं.

"आणि ठिपका आलाच तर?" काकांनी विचारलं.

"दोन-चार पानांवर येईल. येऊ द्या. पान गळेल, नवं फुटेल. खाली पडलेलं तेवढं उचला. बाकी झाडाचं झाड बघून घेतं."

झाडाचं झाड बघून घेतं, हे वाक्य काकांना मुळीच पटलं नाही. रोप घरी आणून त्यांनी काकूंच्या पुढ्यात ठेवलं. "याला काय गुलाब म्हणायचं? शर्टाला लाव. बटणं आहेत ही." काकूंनी ते कुंपणाच्या कोपऱ्यात लावलं, जिथं सकाळी ऊन येई आणि गल्लीतून वारा. बुडाशी वाळका पाला पसरला, भाजी धुतलेलं पाणी मुळाशी ओतायचं ठरवलं आणि त्या आपल्या शिवणाकडे वळल्या.

पुढचे ओले महिने काकांची परीक्षा पाहणारे होते, आणि खोटं कशाला बोला, त्यांनी ती दिली. फवारलं नाही. ठिपक्याची पानं हातानं खुडली, रोज खुडली. तरी कोबीएवढ्या फुलांच्या झाडांचे नुसते काटेरी दांडे राहिले आणि एकेक झाड वाळून गेलं. मेलेलं झाड उपटून कचऱ्याच्या गाडीत टाकून आले की त्या रात्री काका अर्ध्या ताटावरून उठत. काकूंना त्यांची दया येई, आणि दया येते म्हणून स्वतःचाच राग येई. इतकी वर्षं ज्या झाडांना शिव्या घातल्या, त्यांच्यासाठी घास अडकावा म्हणजे काय?

कोपऱ्यातलं बटण मात्र फुटत होतं. कुणी विचारलं नाही, पुसलं नाही, तरी कुंपणाच्या वर डोकं काढून झुबकेच्या झुबके फुललं. एके दिवशी काकांचं तिकडे लक्ष गेलं. दुकानातलं डोळ्याला लावायचं भिंग आणून त्यांनी पान न् पान तपासलं आणि आत येऊन म्हणाले, "अगं, एक ठिपका नाही." आवाज असा, जणू स्वतःच त्या झाडाला जन्म दिला होता. लगेच लेकीला फोन. "बिनफवारणीचा गुलाब आहे आता आपल्याकडे. ये हिला घेऊन."

लेकीनं फोन आईला द्यायला सांगितला. "आई, खरंच? एकसुद्धा बाटली नाही?"

"एकसुद्धा नाही," काकू छातीठोकपणे म्हणाल्या. महिन्याअखेरचा रविवार ठरला. काकूंनी पुढच्या खोलीतली टाचण्यांची डबी वरच्या फळीवर ठेवली, मशीनखालचे कापडाचे तुकडे झाडून काढले, आणि शेजारणीशी बोलताना दर दोन वाक्यांमागे भिंगरी येऊ लागली.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण काकांचं त्या झाडावर प्रेम बसलं आणि तिथंच घात झाला. ज्याला काही लागत नाही, त्याचं हा माणूस सगळं करू लागला. संध्याकाळी दुकानातून येताच बालदी, पाणी आणि खिशातलं ते मऊ फडकं. आधी अंगणात उरलेले अर्धमेले दांडे आणि त्यांची शेवटची पानं पुसायची, मग त्याच फडक्यानं कोपऱ्यातल्या झाडाचं एकेक पान, वरून आणि खालून. चष्म्याची काच पुसावी तसं, हळुवार, गोल गोल.

"अहो, झाड आहे ते. चष्मा नाही," काकू खिडकीतून म्हणाल्या.

"धुळीनं पान गुदमरतं."

"रोपवाला म्हणाला होता ना, पान ओलं करू नका म्हणून?"

"तो रोपं विकतो. त्याला पुसायला कुठं वेळ आहे?"

रोगापेक्षा इलाज भयंकर, असं उगाच म्हणत नाहीत. संध्याकाळी ओली केलेली पानं त्या हवेत सकाळपर्यंत ओली राहत, आणि आजारी झाडांचा आजार काका फडक्यावर घेऊन रोज निरोगी झाडाला घरपोच करत होते. रविवार आठवड्यावर आला आणि खालच्या पानांवर ठिपके उमटले. फार नाहीत. रोपवाला म्हणाला होता तेवढेच. काकूंनी ती पानं तोडून टाकली आणि काकांना सांगितलं, आता याला हात लावाल तर याद राखा. काकांनी मान हलवली. ती मान हलवणं काकूंना आवडलं नव्हतं, पण कामाच्या धांदलीत त्यांनी सोडून दिलं.

रविवारी सकाळी काकू स्वयंपाकघरात होत्या. बाहेरून बारीक आवाज आला, फुस, फुस. पाणी मारत असतील, त्यांना वाटलं. मग वास आला. तो वास काकूंनी झोपेतसुद्धा ओळखला असता. त्या अंगणात गेल्या. काका झाडापाशी उकिडवे बसले होते आणि हातात दुकानातली काचा पुसायच्या पाण्याची फुसफुशी बाटली होती, एवढीशी, मुठीत मावेल अशी.

"हे कुठून आणलंत?"

"दुकानात थोडं ठेवलं होतं. लागलं तर असावं म्हणून." काका उठले नाहीत. "अगदी जरासंच मारलंय. त्यांची बस यायला अजून वेळ आहे. वारा आहे, जाईल वास तोवर."

"सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते तुम्हाला बघूनच म्हणतात."

"अगं, ठिपके वर चढायला लागले होते."

"तुम्हाला पानावरचा ठिपका दिसतो," काकू म्हणाल्या. "नात दिसत नाही. त्या फुलाला ती नाक लावणार. मागच्या वेळी तुम्ही तिच्या बरगड्या बघितल्या नव्हत्या. मी बघितल्या."

 आणि मग काकूंच्या मनात एक भलताच विचार आला. झाडावर दोन बालद्या पाणी ओतावं. अंगणाचं दार लावून घ्यावं, पोरीला आतच खेळवावं. कुणाला कळणार? लेक आईच्या शब्दावर येत होती, आणि एकदा आली की भिंगरी या खोलीत, या फरशीवर धावणार होती. कधीपासून त्या याचीच वाट बघत होत्या. तो विचार काकूंनी जरा जास्तच वेळ मनात राहू दिला. मग आत जाऊन त्यांनी फोन लावला.

"येऊ नका," त्या म्हणाल्या. "बाबांनी फवारलंय. आत्ताच. एकसुद्धा बाटली नाही म्हणून मी तुला सांगितलं होतं, ते चुकीचं निघालं."

 पलीकडून भिंगरीचा आवाज येत होता, कुठले बूट घालू, लाल घालू का. बराच वेळ तेवढंच ऐकू येत राहिलं.

"हिला काय सांगू मी?" लेक शेवटी म्हणाली.

काका दारात येऊन उभे होते. काकूंनी फोन त्यांच्यापुढे धरला. "विचारतेय, तिला काय सांगू. तुम्ही सांगा. मला काही सुचत नाही."

काकांनी हात आधी शर्टाला पुसले, मग शर्टाकडे बघितलं, आणि फोन दोन बोटांत धरून कानापासून लांबच ठेवला. "तिला सांग," ते म्हणाले आणि अडखळले. "सांग, आजोबा तिकडे येतायत."

"झाडं कोण बघणार?" लेकीनं विचारलं. टोमणाच होता आणि तो मारायचा तिला हक्क होता.

"कुणी नाही," काका म्हणाले.

काकूंनी त्यांना न्हाणीघरात पाठवलं आणि दाराबाहेर उभं राहून दोनदा साबण लावायला लावला. तो शर्ट साबणाच्या पाण्यात टाकला, कपाटातून धुतलेला दिला. ती बाटली आणि दुकानात उरलंसुरलं असेल ते रोपवाल्याकडे पोचतं करायचं, आजच वाटेत, असं सांगितलं. काकांनी सगळं मुकाट्यानं केलं.  बसमध्ये काका वाटभर अधूनमधून आपले हात नाकापाशी नेऊन हुंगत होते. शेजारचा प्रवासी त्यांच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघत होता आणि काकूंना हसूही येत होतं आणि त्यांचा गळाही दाबावासा वाटत होता.

लेकीच्या घराचं दार उघडलं तशी भिंगरी सुसाट धावत आली. केवढी उंच झाली होती. काका झटकन मागे सरले आणि दोन्ही हात वर केले, चोराला पकडल्यावर करतात तसे. "थांब, थांब. आधी मला हात धुऊ दे. कुठे धुऊ?"

भिंगरीनं त्यांना खालून वर न्याहाळलं. "आजोबा, तुम्ही आजारी आहात?"

"हो," काका म्हणाले. "थोडासा."

लेक दाराला टेकून हे बघत होती. बापाला हात धुवायला जागा दाखवायची सोडून ती म्हणाली, "मी पण एवढीच होते, बाबा."

काकांचे वर केलेले हात खाली आले.

"मला खोकला लागायचा आणि तुम्ही बाहेरून आईला सांगायचात, खिडकी लाव म्हणून."

आता हे काहीतरी समर्थन करतील, काकूंनी मनात म्हटलं, आता प्रमाण काढतील. आख्ख्या संसारात या माणसानं कधी माघार घेतली नव्हती. चुकीच्या बसमध्ये चढले तरी बस चुकली म्हणत.

"चुकलं माझं," काका म्हणाले. "तेव्हाही, आताही."

लेकीनं डोळे पुसले आणि त्यांना न्हाणीघर दाखवलं. ते आत बराच वेळ हात धूत राहिले, इतका की काकूंना शेवटी दार वाजवावं लागलं. बाहेर आल्यावर भिंगरीनं त्यांचं बोट पकडलं आणि त्यांना सज्जात ओढून नेलं, कारण तिलाही आपलं झाड दाखवायचं होतं. पत्र्याच्या डब्यात लावलेलं कसलंसं झाड होतं, तिनं कुठूनतरी उपटून आणलेलं. वाढलं होतं बऱ्यापैकी. खालच्या एका पानावर काळपट ठिपका होता आणि कडेनं पिवळं पडलं होतं. काकू दारातून बघत होत्या. ठिपका काकांना दिसलाय हे त्यांना लगेच कळलं, कारण काकांचा उजवा हात पँटच्या खिशात गेला. खिशात फडकं होतं.

"याला काय काय घालतेस?" काकांनी विचारलं.

"काही नाही. पाणी."

"आणि आजारी पडलं तर?"

"मग बरं होतं," भिंगरी म्हणाली.

काकांनी हात खिशातून रिकामाच बाहेर काढला. मग दोन्ही हात पाठीमागे नेले, एकात एक घट्ट धरले आणि पोरीबरोबर नुसते उभे राहून झाडाकडे बघत राहिले. काकूंना रडू यायला लागलं, आणि या माणसापायी रडावं लागतं याचा त्यांना पुन्हा राग आला.